खाडीपारचा तांडेल

दत्ताराम मयेकरांनी सहा वर्षांत एकदाही खाडी पार केली नव्हती. रोज सकाळी चहा झाला की ते टीव्हीसमोरच्या वेताच्या खुर्चीत बसायचे, ‘खाडीपार’चा पहिला भाग लावायचे, होडी पाण्यात ढकलायचे आणि बरोबर मधोमध आले की वल्हं सोडून द्यायचे. मग खेळ पुढे सरकायचा नाही. पलीकडच्या काठावर जकातनाका होता, लुटारू होते, दारूगोळ्याने भरलेलं गलबत होतं, सगळे बिचारे ताटकळत राहायचे. मयेकर अप्पांना त्यातलं काहीच नको असायचं. वल्हं थांबलं की होडीतला म्हातारा भिकू तांडेल बोलायला लागतो, एवढ्यासाठी त्यांनी वयाच्या सत्तराव्या वर्षी कंट्रोलर पुन्हा हातात धरला होता.

“काय रे, दमलास?” तांडेल विचारायचा. “बस, बस. खाडी कुठे पळून जात नाही.”

“दमलो खरा,” अप्पा म्हणायचे.

तांडेलाची अशी त्रेचाळीस वाक्यं होती. अप्पांना सगळी पाठ होती, आणि तरीही प्रत्येक वाक्याला ते उत्तर द्यायचे. कारण तो आवाज त्यांच्या मुलाचा होता.

सतरा वर्षांपूर्वी रत्नागिरीत एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत तिघांनी मिळून हा खेळ बनवला. समीहन ओक, हर्षद मयेकर आणि पुढे हर्षदची बायको झालेली ऋजुता. आवाजासाठी कलाकार आणणं परवडणारं नव्हतं, म्हणून सव्वीस वर्षांच्या हर्षदने डोक्यावर पंचा घेतला, घसा खरवडला आणि म्हातारा तांडेल होऊन बोलला. खाली गिरणी बंद असेल तेवढ्याच वेळात रेकॉर्डिंग व्हायचं. त्या खेळाचे पुढे आठ भाग निघाले, गिरणीच्या जागी पाच मजली कचेरी झाली, आणि सहा वर्षांपूर्वी महामार्गावरच्या अपघातात हर्षद गेला. आवाज तेवढा मागे राहिला.

त्या घरात आता सासरे आणि सून दोघंच. त्या सकाळीही ऋजुता डबा भरत असताना बाहेरून अप्पांचा आवाज आला.

“ऋजू, हा सात वर्षांचा असताना मला न सांगता होडीत जाऊन बसला होता, माहितेय तुला? मी बंदरावर ड्यूटीला, आणि हा—”

“अप्पा, संध्याकाळी सांगा ना. आज मीटिंग आहे माझी.”

“जा, जा. गोष्ट कुठे पळून जात नाही,” अप्पा म्हणाले आणि स्वतःच हसले. हे वाक्य त्यांनी याआधीही तीन-चारदा सुरू केलं होतं. दर वेळी ऋजुताला कुठेतरी पोचायचं असायचं.

मीटिंग नवव्या भागाची होती. ऋजुता मालिकेची प्रमुख, म्हणजे काय राहील आणि काय जाईल हे ठरवणारी. आता चाहता म्हणजे काय चीज असते, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. चौथ्या भागात यांनी तांडेलाला इंजिनाची होडी दिली, तर तीन दिवसांत लाखभर लोकांनी शिव्या घातल्या आणि एका महाभागाने समीहनच्या घरी फुटकं वल्हं पार्सलने पाठवलं. घाबरून पाचव्या भागात वल्हं परत आणलं, तर तेच लोक म्हणाले, नवीन काय दिलंत, शिळंच गरम करून वाढलंय. त्यांना नवा खेळ हवा होता आणि तो पहिल्यांदा खेळताना जसं वाटलं होतं तसंच वाटायला हवं होतं. हे कोणाच्या बापाला जमणार?

आठव्या भागात वेगळीच आफत आली. नव्या खेळणाऱ्यांपैकी दहातले चार जण खाडीच्या मधोमध खेळ बंद करून निघून जात होते. हा म्हातारा फार बोलतो, असं त्यांचं म्हणणं.

“तांडेल काढला तर जुने जातील,” समीहन म्हणाला. “ठेवला तर नवे येणार नाहीत. मालिका प्रमुख, बोला.”

“काढू या,” ऋजुता म्हणाली.

टेबलाभोवतीचे सगळे तिच्याकडे बघायला लागले. हर्षदच्या आवाजाला हात लावायची छाती त्यांच्यापैकी कोणाची झाली नसती. ऋजुताची झाली, त्याचं कारण तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. तिला तो आवाज सोसवत नव्हता. कचेरीत चाचण्या चालायच्या, दिवसातून वीस वेळा कुठल्या ना कुठल्या टेबलावरून तो विचारायचा, काय रे, दमलास? घरी सकाळी तेच. दुसरं काहीही तो कधी बोलणार नव्हता. तिला तो संपायला हवा होता, आणि असं वाटल्याची तिला लाजही वाटत होती.

“आणि जुन्या चाहत्यांचं काय?” टेबलापलीकडून कोणीतरी विचारलं.

“त्याचं उत्तर माझ्याकडे आहे,” समीहन म्हणाला आणि त्याने डॉ. तस्नीम मुकादमांना आत बोलावलं.

डॉ. मुकादम मेंदूशास्त्राच्या. बाई इथल्याच, राजिवड्याच्या, पंधरा वर्षं परदेशी प्रयोगशाळेत काढून परत आलेल्या. बोलणं अगदी शांत.

“आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो, असं आपल्याला वाटतं,” त्या म्हणाल्या. “तशी ती नसते. आपण एखादी गोष्ट आठवतो तेव्हा मेंदूतली ती जोडणी सैल होते, चार-सहा तास सैल राहते, आणि मग पुन्हा पक्की होते. सारवलेलं अंगण वाळेपर्यंत त्यावर पाय पडला की ठसा राहतो ना, तसं. त्या तासांत जे नवीन समोर येईल ते जुन्यात मिसळतं. दुसऱ्या दिवशी माणसाला वाटतं, हे असंच होतं पहिल्यापासून. हे शोधून काढायला मी नको, शास्त्राला कधीचं ठाऊक आहे. मी फक्त त्याची वेळ पकडायला शिकले.”

वेळ पकडायचं काम पट्टा करणार होता. डोक्याला बांधायचा हा पट्टा तेव्हा प्रत्येक खेळाबरोबर यायचाच. खेळणारा कंटाळला की घाबरला, हे तो मेंदूतल्या लहरींवरून ओळखायचा आणि खेळ त्याप्रमाणे बदलायचा. डॉक्टरांनी त्याला आणखी दोन गोष्टी शिकवल्या होत्या. खेळणाऱ्याला जुनं काहीतरी अपेक्षित होतं आणि ते दिसलं नाही, की मेंदूत एक ठरावीक लहर उठते. ती उठली म्हणजे जुनी आठवण बाहेर आली. लगेच पट्ट्याने कानाला न ऐकू येणारे बारीक ध्वनी आत सोडायचे, त्या आठवणीबरोबर जे जे जागं झालं असेल ते सगळं सैल करायचं, आणि खेळाने त्याच जागी नवीन गोष्ट दाखवायची. असं पाच-सहा दिवस झालं की जुनं उरत नाही. तांडेलाच्या जागी यमुना नावाची तरणी होडीवाली येणार होती, आणि आठवड्याभरात प्रत्येक जुना चाहता शपथेवर सांगणार होता की पहिल्या भागापासून यमुनाच होती.

“म्हणजे खेळ बदलायचा आणि खेळणाऱ्यालाही बदलायचं,” ऋजुता म्हणाली.

“खेळणाऱ्याला नाही,” समीहन म्हणाला. “फक्त त्याची तक्रार.”

“माणसांच्या आठवणी जाणार नाहीत ना?” तिने डॉक्टरांना विचारलं.

“माणूस शंभर धाग्यांनी बांधलेला असतो. घर, वास, भांडणं, फोटो. खेळातल्या पात्राचा धागा एकच. तो काढला तर बाकीचं हलत नाही.” मग त्या थांबून म्हणाल्या, “कोणाच्या बाबतीत तसं नसेल तर मला आधी कळायला हवं. त्यासाठी फॉर्मवर प्रश्न ठेवलाय.”

आता त्या कचेरीतली एक रीत सांगायला हवी. नवा भाग बाहेर जाण्याआधी आठ दिवस तो बनवणाऱ्यांच्या घरी जायचा. त्याला ‘घरचा आठवडा’ म्हणत. ज्याने बनवलं त्याने खेळायचं नाही, घरच्यांनी खेळायचं. बनवणाऱ्याने काही समजावून सांगायचं नाही, घरच्यांनी तक्रारवहीत रोज लिहायचं. ज्या बदलाबद्दल आठव्या दिवशी एकही तक्रार नसेल तो बदल पास. ही रीत हर्षदने पाडलेली, आणि पहिल्या भागाची पहिली तक्रारवही अप्पांनी लिहिलेली. बंदर खात्यात पस्तीस वर्षं नोंदी ठेवलेला माणूस, अक्षर छापल्यासारखं.

ऋजुताने या खेपेला अप्पांना वगळायचं ठरवलं होतं. पण त्यांनी वहीला खाकी कव्हर आधीच घातलं होतं.

“आमच्याकडे नाही वाटतं आता घरचा आठवडा?” त्यांनी विचारलं. “म्हाताऱ्याचे डोळे गेले म्हणून?”

“तसं नाही हो अप्पा.”

“मग? पहिला भाग या घरातून गेलाय.”

फॉर्मवर सातवा प्रश्न होता. चाचणी देणाऱ्याचा बदलल्या जाणाऱ्या गोष्टीशी खेळाबाहेर काही संबंध आहे का? ‘हो’ लिहिलं असतं तर अप्पांचं नाव त्याच दिवशी कटलं असतं आणि ते महिनाभर रुसून बसले असते. तिने ‘नाही’वर खूण केली. खरं कारण एवढंच असतं तर तिला पुढे थोडी तरी झोप लागली असती. पण खूण करताना तिच्या मनात येऊन गेलं होतं की तो तांडेल डोक्यातून गेला तर बरंच होईल, अप्पा त्या खुर्चीतून उठतील, फिरायला जातील, माणसांत बसतील. घरात हर्षदचे फोटो होते, कपडे होते, त्याने लावलेला सोनचाफा होता. मुलाला विसरायला अप्पा काय वेडे होते?

पहिल्या दिवशी वहीत लिहिलं गेलं: ‘तांडेल नाही. का?’ दुसऱ्या दिवशी: ‘बाई हुशार आहे, पण तांडेल कुठे गेला ते कोणी सांगत नाही. वाईट वाटले.’ तिसऱ्या दिवशी: ‘वल्ह्याचा आवाज उत्तम. थांबल्यावर बाईने काहीतरी बोलावे.’ चौथ्या दिवशी: ‘यमुना आज छान बोलली.’ पाचव्या दिवशी: ‘तक्रार नाही.’ सहाव्या दिवशी ऋजुता कचेरीतून आली तर अप्पा दारातच उभे.

“ऋजू, पोचलो गो पलीकडे. जकातनाका पार केला.”

त्यांचा चेहरा असा उजळलेला तिने सहा वर्षांत पाहिला नव्हता. तिने त्या संध्याकाळी शिरा केला. दोघं समुद्रकाठी भाट्याच्या पुळणीवर फिरून आली, अप्पा पुऱ्या वाटेवर लुटारूंबद्दल बोलत होते. आपण बरोबर केलं, असं तिला वाटलं, आणि तिला हलकं वाटलं.

आठव्या दिवशी रविवार होता. अप्पा दर रविवारी भिंतीवरचे फोटो पुसायचे. ऋजुता भाजी निवडत बसली होती.

“ऋजू,” ते हातातला फोटो उजेडात धरून म्हणाले, “हा तुझ्या माहेरचा का गो?”

तिने मान वर केली. हर्षदचा फोटो होता.

“अप्पा, चेष्टा करू नका.”

“चेष्टा कसली? चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव येत नाही. भाऊ का तुझा?”

ती उठली, तिच्या मांडीवरची भाजी खाली पडली. तिने खेळाचा जुना डबा टीव्हीला जोडला, पहिला भाग लावला, होडी मधोमध नेली आणि वल्हं सोडलं. काय रे, दमलास, तांडेल म्हणाला. बस, बस. खाडी कुठे पळून जात नाही.

अप्पांनी कौतुकाने ऐकलं. “आवाज बरा आहे,” ते म्हणाले. “आपल्याकडचाच माणूस दिसतो. पण यमुना कुठाय?”

डॉ. मुकादमांच्या खोलीत ऋजुता अर्धा तास बसली होती. डॉक्टरांनी पट्ट्याच्या नोंदी पडद्यावर पुन्हा पुन्हा पाहिल्या.

“आठवण प्रत्येक वेळी बाहेर येते आणि पुन्हा पक्की होते,” त्या सावकाश म्हणाल्या. “सहा वर्षं ते रोज मुलाला या एकाच ठिकाणी भेटत होते. रोज त्याचं बालपण, त्याची शाळा, त्याचं आजारपण, जे काही आठवायचं ते तांडेलाचा आवाज ऐकता ऐकता. रोज सगळं एकत्र सैल झालं आणि एकत्र घट्ट झालं. शंभर धागे होते, त्यांची त्यांनी एकच गाठ करून ठेवली. पट्ट्याला आपण सांगितलं होतं, तांडेलाबरोबर जे जागं होईल ते सगळं सैल कर. सगळा मुलगाच जागा झाला.” मग त्यांनी तिचा फॉर्म समोर ठेवला. “तुम्ही ‘नाही’ लिहिलंत.”

“परत आणता येईल?”

“त्याच पद्धतीने नवीन लिहिता येईल. पण काय लिहायचं ते बाहेरून द्यावं लागेल. ज्याला माहीत आहे त्याने सांगावं लागेल. त्यांची पत्नी?”

“हर्षद चार वर्षांचा असताना गेल्या. भावंड नाही.”

डॉक्टरांनी फॉर्म उचलून फाईलमध्ये ठेवला.

समीहनच्या टेबलावर अहवाल तयार होता. अकरा घरं, तांडेलाबद्दल आठव्या दिवशी तक्रारी शून्य. एवढा स्वच्छ घरचा आठवडा यापूर्वी कधीच गेला नव्हता.

“थांबव हे,” ऋजुता म्हणाली आणि तिने सगळं सांगितलं.

त्याने ऐकून घेतलं. वाईट वाटल्याचं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, नाही असं नाही. “अप्पांचं फार वाईट झालं. पण अकरा घरांतलं हे एकच ना ऋजुता?”

“एकच कशावरून? ज्याचं गेलं तो तक्रार कशी करेल? अप्पांच्या वहीतही तक्रार नाहीये. बाहेर लाखो लोक आहेत समीहन. कोणी हा खेळ बापाबरोबर खेळलंय, कोणी गेलेल्या मैत्रिणीबरोबर. आपली रीतच चुकली. कोणी ओरडलं नाही म्हणजे कोणाला दुखलं नाही, असं धरून चाललो आपण.”

समीहन घरच्या आठवड्यात नेहमी खेळायचा. खेळ बनवणं सोडून तो केव्हापासून नुसती कंपनी चालवत होता, त्यामुळे रीत त्याला आड येत नव्हती. ऋजुताला ते एकदम आठवलं.

“समीहन, पहिल्या भागाचं रेकॉर्डिंग कुठे केलं होतं आपण?”

“गिरणीच्या वर. यमुनाचं ना? पीठ असायचं सगळीकडे.”

“कोणी आवाज दिला होता?”

तो आठवायला लागला. कपाळाला आठ्या घालून खरंच आठवायला लागला. “कागदावर हर्षदचं नाव आहे, मी वाचलंय. साउंडचं तोच बघायचा ना?” तो म्हणाला. ज्या मित्राबरोबर त्याने चार वर्षं एका ताटात जेवण केलं होतं त्याच्याबद्दल तो असं बोलत होता, आणि आपल्यातलं काही कमी झालंय याचा त्याला पत्ताही नव्हता.

ऋजुताने सही केली नाही. सहीवाचून अडलं नाही. पुढच्या महिन्यात नववा भाग निघाला, लोकांनी ‘मान्य आहे’वर बोट ठेवलं आणि पट्टे बांधले. पहिले तीन दिवस थोडी कुरबुर झाली, आठवड्याने तीही थांबली. जुन्या चाहत्यांना जराही धक्का न लावता मालिका नवी कशी करावी, याचा हा धडा आहे, असं जिकडेतिकडे लिहून आलं. नोकरी सोडलेल्या ऋजुताने चाहत्यांच्या पानांवर दिवसचे दिवस शोधलं. सतरा वर्षं तांडेलाची चित्रं काढणारे, त्याचा पंचा बांधून जत्रेला जाणारे लोक होते. त्याचं नाव आता कोणी घेत नव्हतं.

एका सकाळी तिने खाकी कव्हरची तक्रारवही काढली आणि उरलेल्या पानांवर हर्षदबद्दल लिहायला बसली. डॉक्टरांना द्यायचं होतं. तो चोविसाव्या वर्षी तिला पहिल्यांदा भेटला, तिथपासून सुरुवात झाली. गिरणी, लग्न, सोनचाफा, त्याचं घोरणं, त्याचा राग. एकोणीस पानं झाली. मग ती पुन्हा पहिल्या पानावर आली, आणि चोवीस वर्षांच्या आधीची जागा कोरीच राहिली. त्या मुलाला रांगताना, पडताना, आईविना झोपवताना पाहणारा जगात एकच माणूस होता, आणि तो समोर वेताच्या खुर्चीत बसून लसूण सोलत होता.

“काय लिहितेस?” अप्पांनी विचारलं.

“माझ्या नवऱ्याबद्दल.”

“वाच की.”

तिने वाचलं. अप्पांनी लसूण बाजूला ठेवून लक्ष देऊन ऐकलं. मध्ये एकदा हसले. हर्षद गेला ते पान आलं तेव्हा त्यांनी मान हलवली, शेजारच्या घरचं दुःख ऐकून माणूस हलवतो तशी.

“चांगला होता मुलगा,” ते म्हणाले. “लहानपणी कसा होता गो? खोडकर असणार.”

ऋजुताजवळ एकच वाक्य होतं, तेही पुरतं नव्हतं.

“सात वर्षांचा असताना,” ती म्हणाली, “वडलांना न सांगता होडीत जाऊन बसला होता. वडील बंदरावर ड्यूटीला होते, आणि हा...”

अप्पा खुर्चीत पुढे सरकले.

“मग?” त्यांनी विचारलं.